तिसरी फळी

काचवाल्याला त्या इमारतीत त्याच्या नावाने कुणी हाक मारीत नसे. नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच ते सुखाने राहिलं होतं. दारावरच्या रखवालदारापासून प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांचा तो काचवाला. चुकून कुणी खरं नाव घेतलंच, तर मान वळवायला त्याला क्षणभर उशीर होई.

तरुणपणी तो दुकानांच्या पाट्यांसाठी काचेच्या नळ्या वाकवायचा. आत रंगीत उजेड भरलेल्या त्या नळ्यांतून कुठे बूट निघे, कुठे चहाचा कप, कुठे नुसतंच मालकाचं आडनाव. ज्योतीवर नळी धरायची, ती मेणासारखी मऊ झाली की एका फुंकरीत वळण द्यायचं. चुकलं की नळी गेली, पुन्हा पहिल्यापासून. पुढे स्वस्तातले दिवे आले, कारखान्याला कुलूप लागलं आणि हा माणूस प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला. एक दिवस मोठ्या बाईंची वाकलेली नळी त्याने न विचारता ज्योतीवर धरून सरळ करून दिली. बाईंनी ती डोळ्याजवळ नेऊन पाहिली. दुसऱ्या दिवशी बाटल्या दुसऱ्याच्या गळ्यात पडल्या. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

या सव्वीस वर्षांत त्याने सुया केल्या. काचेची बारीक नळी मध्ये तापवायची आणि दोन्हीकडून खेचायची. ती ताणत ताणत जाते आणि तुटते, आणि तुटलेलं टोक केसाहून बारीक होतं. आता खेचायला यंत्र होतं, पण हवेत दमटपणा किती, काच तापवणारी तार किती लाल व्हायला हवी, हे यंत्राला काचवाल्यानेच सांगावं लागे. या सुया बेडकीच्या अंड्यात टोचायच्या. अंडं मोहरीपेक्षा थोडं लहान, अर्धं काळपट, अर्धं पिवळट. सुई आत शिरली पाहिजे आणि अंड्याला कळता कामा नये.

बेडक्या खालच्या मजल्यावर पाण्याच्या टाक्यांत असत. त्या जातीच्या बेडकीला जीभच नसते. "म्हणून तर त्यांचं आणि तुमचं जमतं," त्याची बायको म्हणे. तो म्हणे, "जमतं खरं. सव्वीस वर्षांत एकीनेही मला बाजारातून काही आणायला सांगितलेलं नाही." बेडकीला गुंगी द्यायची, पोटाला बोटाच्या पेराएवढा छेद द्यायचा, अंड्यांचा एक घोस काढायचा, टाका घालायचा आणि तिला काही महिने विश्रांतीला सोडायचं. कुठली बेडकी कधी थकली हे त्याला वही न पाहता माहीत असे.

अंडी कशासाठी, तर मेंदूसाठी. हे त्याला बाईंनी एकदाच समजावून सांगितलं होतं आणि मग त्याने ते आपल्या पद्धतीने मनात लावून ठेवलं. मेंदूतल्या प्रत्येक पेशीला भिंत असते आणि त्या भिंतीत लाखो दारं असतात. लाकडी पिंपाच्या फळ्या गोलात उभ्या असतात तशा पाच फळ्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि मध्ये जी पोकळी उरते तेच दार. निरोप आला की दार उघडतं, मिठातला एक अंश आत शिरतो आणि खवळलेली पेशी शांत होते. मेंदूला आवरून धरणारी दारं हीच. पाचांपैकी दोन फळ्या पहिल्या जातीच्या, दोन दुसऱ्या जातीच्या आणि एक तिसऱ्या जातीची. गंमत अशी, की फळ्या बदलल्या की दाराचा स्वभाव बदलतो. पहिल्या जातीत जरा फरक झाला की दार निरोपाच्या एका थेंबाने उघडतं, नाहीतर दहा थेंबांनीही नाही. तिसरी फळी असेल तर दार झोपेच्या गोळीचं ऐकतं; नसेल तर गोळी ओता की काही करा, ते बहिरं. माणसं तीच, पण कोण कोणाशेजारी बसलंय त्यावर घर ठरतं, असं तो रखवालदाराला सांगे. रखवालदार म्हणे, "माझ्या घरी कुणी कुठेही बसलं तरी भांडणच होतं."

बेडकीचं अंडं या कामाला बरं, कारण ते भोळं असतं. फळी कशी करायची त्याचा निरोप सुईने आत सोडला, की ते बिचारं दोन दिवसांत फळी करून, दार जोडून, आपल्या भिंतीत बसवून टाकतं. मग दोन सुया टोचायच्या, वरून दार उघडणाऱ्या निरोपाचं पाणी थेंब थेंब सोडायचं आणि पडद्यावरची रेघ बघायची. दार उघडलं की रेघ दरीसारखी खाली उतरते, पाणी बदललं की पुन्हा वर येते. दरी खोल म्हणजे दारं पुष्कळ.

त्याला एकच मुलगी. अकरा वर्षांची असताना जेवता जेवता तिच्या हातातला पेला सुटला आणि ती खुर्चीसकट आडवी झाली. ती पहिली फिट. पुढे गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, वाढल्या. गोळ्यांनी फिटा कमी झाल्या, पण मुलगी दिवसभर डोळ्यांवर झापड घेऊन वावरू लागली. तशातही ती केस कापायला शिकली आणि हात असा बसला, की पार्लरवाल्या ताईंकडे बायका तिच्यासाठी थांबून राहत. एकवीस वर्षांची असताना एका बाईच्या मानेवर कात्री असतानाच तिला फिट आली. त्या बाईला नुसतं खरचटलं. पण त्या दिवसानंतर मुलगी घरीच होती. त्याला दोन वर्षं झाली.

मोठ्या बाईंनी आपणहून तिच्या रक्ताची तपासणी करवली. उत्तर आलं तेव्हा त्यांनी काचवाल्याला आपल्या खोलीत बोलावून खुर्ची दिली. तो तिच्या कडेवर बसला.

"तिसरी फळी," बाई म्हणाल्या. "ती कशी करायची त्या मजकुरात एका जागी एक अक्षर बदललंय. तिच्याकडे तिसऱ्या फळीचे दोन नमुने आहेत, एक चांगला आणि एक हा. निम्मी दारं बरी आहेत म्हणून ती उभी तरी आहे."

"आणि बाकीची निम्मी?"

"तेच बघायला हवं. फळी दारात वाकडी बसते, की बसतच नाही."

या फरकावर सगळं होतं. दूरच्या एका मोठ्या इस्पितळात नव्या औषधाची चाचणी सुरू व्हायची होती. ते औषध वाकड्या बसलेल्या तिसऱ्या फळीला बाजूने धरून सरळ करी. गुंगी नाही, झापड नाही. पण फळी दारात बसलेली असली पाहिजे. बसतच नसेल, तर औषध धरणार कुणाला? यादी महिनाअखेरीला बंद होणार होती. बाईंचा अहवाल गेला तर मुलीचं नाव यादीत लागणार होतं.

"हे काम मी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे देते," बाई म्हणाल्या.

"का?"

"तुम्ही बाप आहात म्हणून."

काचवाला खुर्चीतून उठला. "बाई, सव्वीस वर्षं परक्यांच्या पोरांच्या फळ्या मी टोचल्या. माझ्या पोरीची कोण टोचणार? दुसऱ्याने 'नाही' सांगितलं तर मला आयुष्यभर वाटत राहील, की त्याची सुई बोथट होती."

बाईंनी अट घातली. तीन कुप्या त्या स्वतः भरणार. एकीत नुसत्या पहिल्या दोन जातींच्या फळ्या करायचे निरोप, तिसरी फळी नाहीच. दुसरीत तिन्ही चांगले. तिसरीत चांगल्या दोघींबरोबर मुलीची तिसरी. कुप्यांवर फक्त रंग, लाल, पिवळा, निळा. कुठला रंग कशाचा हे बाईंच्या कपाटातल्या बंद लिफाफ्यात. बापाच्या हाताला माहीत नसेल तर बापाचा हात लबाडी करणार नाही.

त्याने अंडी टोचली, तीन बशांत ठेवली. सोमवारी सकाळी पहिलं अंडं सुयांखाली घेतलं. लाल कुपीचं. निरोपाचं पाणी सोडलं आणि रेघ झपकन खाली गेली, खोल, रुंद दरी. पिवळीचं घेतलं, तशीच दरी. निळीचं घेताना त्याने श्वास धरला. तिथेही दरी. प्रत्येक रंगाची सहा सहा अंडी त्याने पाहिली. अठराच्या अठरा उघडली.

या कामाचा एक नियम होता आणि तो काचवाल्यानेच नव्या लोकांना शिकवलेला होता. जस्ताच्या पाण्याआधी तोंड उघडायचं नाही. तिसरी फळी दारात असेल तर जस्ताने दाराला फारसं काही होत नाही. नसेल तर जस्ताचं पाणी लागताच दार बंद. ही खरी परीक्षा. पण जस्त नळ्यांना चिकटून राहतं आणि प्रत्येक अंड्यानंतर त्या धुवत बसावं लागतं, म्हणून ती परीक्षा नेहमी शेवटी, दुसऱ्या दिवशी घेत.

सोमवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तो नियम पाळत होता. दार बायकोने उघडलं. ती काही विचारणार तोच तो म्हणाला, "तिन्ही उघडली. तिन्ही! म्हणजे आपलीही उघडली."

बायकोने पदर तोंडाला लावला. मुलगी आतून आली. "म्हणजे मी उघडले?"

"तुझी फळी बसते असं दिसतंय."

"बघ आई," मुलगी म्हणाली, "तुला वाटायचं ना, हिचं कुठे बसेल का. बसलं एकदाचं, बेडकीच्या अंड्यात."

तिघंही हसली. त्या घरात तिघं एकदम हसल्याला बरेच दिवस झाले होते. तो रात्री स्वस्थ झोपला. ज्या चुकीबद्दल त्याने दुसऱ्यांना शंभरदा हटकलं असेल, ती त्याच्या डोळ्यांसमोर उघडी पडलेली असून त्याला दिसली नाही.

मंगळवारी सकाळी मुलगी पार्लरवाल्या ताईंकडे जाऊन आली. ताई म्हणाल्या, नवं औषध सुरू होईपर्यंत नुसतं केस धुवायला ये, कात्री मग बघू. पुढच्या सोमवारपासून यायचं ठरलं. हे तिने त्याला दुपारी फोनवर सांगितलं, तेव्हा तो जस्ताची बाटली हातात घेऊन उभा होता.

लाल कुपीचं कालचंच अंडं. आधी नुसतं निरोपाचं पाणी, दरी पडली. मग जस्त. दरी बुजली. रेघ सपाट झाली. ठीक आहे, तो मनाशी म्हणाला, एक तर बंद व्हायलाच हवी, एकीत तिसरी फळी नाहीच. पिवळी. दरी पडली, जस्त आलं, दरी जागच्या जागी. आता उरली निळी. ही उघडी राहिली तर पोरगी वाचली. त्याने निळीचं अंडं इतक्या हलक्या हाताने घेतलं, की तसं त्याने सव्वीस वर्षांत कुठलंच घेतलं नसेल. दरी पडली. सुंदर दरी. मग जस्ताचा पहिला थेंब पोचला, आणि दरीच्या तळाने वर यायला सुरुवात केली, विहीर आटण्याची उलटी रीत, तळ सावकाश वर, सावकाश वर, काठाला लागेपर्यंत.

लिफाफा फोडायची गरजच उरली नव्हती. लाल काय किंवा निळी काय, दोन्ही बंद झाल्या होत्या. तरी त्याने सहा सहा अंडी पुरी केली. मग बाईंच्या खोलीत गेला.

"पण दरी पडली होती, बाई," तो म्हणाला. "काल तिन्हींत पडली होती."

बाई हळूच म्हणाल्या, "काचवाले, तिन्हींपैकी एकीत तिसरी फळी नव्हतीच. तीही उघडली ना?"

आता कुठे त्याच्या ध्यानात आलं. अंडं भोळं असतं. तिसरी फळी मिळाली नाही तर ते वाट बघत बसत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या जातीच्याच पाच फळ्या जुळवून दार करून टाकतं. ते दार उघडतं, मीठ आत जातं, रेघ खाली येते. दिसायला सगळं तेच. फक्त त्यात तिची फळी नसते. त्याने पाहिलेली दरी दुसऱ्याच दाराची होती.

"मग तिची फळी जाते कुठे?"

"होते, पण नीट घडी पडत नाही. पेशी ती आतल्या आत अडकवून ठेवते आणि मोडून टाकते. भिंतीपर्यंत येत नाही. एका बेडकीवर मी अहवाल लिहिणार नाही. आणखी दोन घ्या."

दुसऱ्या बेडकीची अंडी त्याने जस्तासकट शुक्रवारी पाहिली, तिसरीची शनिवारी. घरी तो रोज "काम चाललंय" एवढंच म्हणे. शनिवारी सकाळी तीन बशा समोर ठेवून तो एकटाच होता. अंडी सगळी सारखी दिसतात. पिवळ्या बशीतली सहा उचलून निळीत टाकली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं. पण निळी तिची की लाल, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी? यादीत नाव लागलं असतं, गाडीत बसून पोरगी त्या दूरच्या इस्पितळात गेली असती, नवं औषध तिच्या रक्तातून मेंदूत पोचलं असतं, आणि तिथे एकेका दारापाशी जाऊन बाजूला हात घातला असता, तर धरायला फळीच नाही. लबाडी करण्याइतकीही जागा उरली नव्हती. त्याने पिवळ्या बशीवर झाकण ठेवलं आणि लालचं अंडं सुयांखाली घेतलं.

बाईंनी लिफाफा त्याच्यासमोर फोडला. मुलीची कुपी निळी. बाईंनी अहवालावर सही केली. "हे छापून येईल. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल," त्या म्हणाल्या आणि लगेच त्यांना वाटलं, की हे बोलायला नको होतं. त्याने मान हलवली. दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, असा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा त्याने प्रयत्न केला. कुणाचाच आला नाही.

दुपारी तो घरी आला. बायको कपड्यांना इस्त्री करीत होती. मुलीचा सोमवारी पार्लरला घालायचा पांढरा कोट टेबलावर पसरलेला होता.

"आज लवकर?" बायको म्हणाली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि इस्त्री उभी केली.

त्याने सगळं सांगितलं. दरी, जस्त, तीन बेडक्या. सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

मुलगी म्हणाली, "तीन बेडक्या तुमच्या इतक्या ओळखीच्या, एकीलाही भीड पडली नाही?"

कुणी हसलं नाही. तीही नाही.

"तुमचा हात चुकला असेल," बायको एकदम म्हणाली. "हल्ली चहाचा कप धरताना हात हलतो तुमचा. मी बघते ना. वय झालंय. दुसऱ्या कुणाला करू द्या."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. चौपन्न अंडी त्यांनी टोचली होती आणि एकही फुटलं नव्हतं. हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर तो उठून निघून गेला असता.

"असेल," तो म्हणाला.

"असेल काय! आहेच. सोमवारी बाईंना सांगा. म्हणावं, हात हलला."

"सांगतो."

बायकोने डोळे पुसले, इस्त्री पुन्हा उचलली आणि कोटाच्या बाहीवर ती नेटाने फिरवू लागली. थोड्या वेळाने बटणं बघायला म्हणून कोट घेऊन आत गेली.

मुलगी त्याच्याजवळ येऊन बसली. आतलं ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "हात हलला होता?"

"नाही."

"आणि यादी?"

"सही झाली. कागद गेलासुद्धा."

"माझी फळी आतच मोडतात म्हणालात."

"हं."

"रोज?"

"क्षणाक्षणाला. होते, मोडतात. पुन्हा होते."

मग तिने फोन हातात घेतला, नंबर लावला, आणि आत आईला चाहूल लागू नये म्हणून गॅलरीत गेली. दार तिने ओढून घेतलं, पण ते नीट लागलं नाही.

"ताई, मी बोलतेय. सोमवारी नाही जमत मला." मध्ये ताई काहीतरी बोलत असाव्यात. "नाही, बरी आहे. तसं काही नाही." पुन्हा थोडा वेळ. "नाही ताई, पुढच्याही नाही. तुम्ही दुसरी बघा कुणीतरी."

आतून बायकोने विचारलं, "अहो, कोटाचं वरचं बटण सैल झालंय. पांढरा दोरा कुठे ठेवलाय हो?"

"बघतो," काचवाला म्हणाला, आणि उठून पांढरा दोरा शोधू लागला.